‘मशीननं वळाकलं न्हाई तर?’

(आपल्या वार्षिक कार्यकर्ती शिबिरात ‘युद्ध, यंत्रं आणि आपण’ या सत्रात केलेलं भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे विषय छापलाय, ‘संरक्षणक्षेत्रात कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर आणि लोकमत’. तो वाचून काल रात्री पंगतीत एकीनं मला विचारलंच, “अगं, पोटगीचे अर्ज कोर्टात पडून आहेत, सल्ला केंद्रात बायका रांगेत बसल्यात, आणि तू हे काय काढलंस?” प्रश्न रास्त आहे. दीड वर्षापूर्वी दुसऱ्या कुणी हा विषय काढला असता तर मीही हेच विचारलं असतं. म्हणून आधी मी इथवर कशी आले ते सांगते. आकडे, ठराव वगैरे नंतर.

मी मूळची सातारा जिल्ह्यातली. आमच्याकडे घरटी एक माणूस फौजेत, असं म्हणायची पद्धत आहे, आणि काही गावांत ती अतिशयोक्ती नाही. मिलिटरी अपशिंगे हे नाव तुम्ही ऐकलं असेल. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले. माझे आजोबा फौजेत होते, आणि धाकटा भाऊ आज आहे. एम.एस.डब्ल्यू. करून मी चळवळीत आले तेव्हा ‘युद्धाला आमचा विरोध’ हे वाक्य मला सहज म्हणता यायचं. घरी गेलं की मात्र ते वाक्य उंबऱ्याबाहेर चपलांशेजारी ठेवावं लागायचं. ही ओढाताण इथल्या आणखी दोघी-तिघींना ठाऊक आहे.

२२ एप्रिल २०२५ला पहलगामला २६ माणसं मारली गेली. ७ मेला ‘ऑपरेशन सिंदूर’ सुरू झालं आणि १० मेच्या संध्याकाळी गोळीबार थांबला. मोजून चार दिवस. त्या चार दिवसांत भावाचा फोन लागत नव्हता. आई टी.व्ही.समोरून हलत नव्हती. पडद्यावर रात्रीच्या काळ्या आभाळात ठिपके फिरायचे आणि निवेदक ओरडून सांगायचा की ही ड्रोन आहेत, ही आपली, ती त्यांची. आईनं मला विचारलं, “ह्यात माणूस बसल्याला असतो का?” मी म्हटलं, नाही. तिनं हात जोडले आणि म्हणाली, “मग लय बरं झालं. असलीच पाठवा म्हणावं.”

त्या क्षणी माझ्याकडे आईला सांगण्यासारखं काहीही नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं.

जूनमध्ये साताऱ्याजवळच्या एका गावात बचत गटाची बैठक होती. हिशेब झाल्यावर बायका उठेनात. विषय अर्थातच लढाईचा. त्या दिवशी मी वही काढली आणि ठरवलं की या बायकांना नीट विचारायचं. पुढच्या काही महिन्यांत आणखी चार गावांत असंच बसले. ही पाहणी नाही, हे आधीच सांगते. मी टक्के काढलेले नाहीत, नमुना निवडलेला नाही. आम्हाला संशोधनपद्धतीच्या पेपरात शिकवलं होतं की उत्तर सुचवणारा प्रश्न विचारू नये. तो नियम मी पहिल्याच बैठकीत मोडला.

मी विचारलं होतं, “आपल्या सैन्यानं लढाईत अशी हुशार यंत्रं वापरावीत का?” सगळ्यांचे हात वर. एक वहिनी, जिचा नवरा तेव्हा सीमेवर होता, ती तर चिडलीच. “ह्यात इचारायचं काय, ताई? मशीन मोडलं तर दुसरं येतंय. माझा माणूस मोडला तर?” या युक्तिवादाला उत्तर नाही, आणि आपण चळवळीतल्या बायकांनी ते असल्याचा आव आणू नये. शहरात बसून ‘यंत्रांनी लढू नये’ असं म्हणताना आपण कुणाच्या नवऱ्याला यंत्राच्या जागी उभं करतोय, याचा हिशेब आपल्याला द्यावा लागेल.

आता थोडं बाहेरचं लोकमत. डिसेंबर २०१८मध्ये इप्सॉस या संस्थेनं २६ देशांत एक पाहणी केली. माणसाच्या हस्तक्षेपाविना स्वतःच लक्ष्य निवडून हल्ला करणारी शस्त्रं युद्धात वापरण्याबद्दल तुम्हाला काय वाटतं, असा प्रश्न होता. सगळे देश मिळून ६१ टक्के लोक विरोधात गेले, २२ टक्के बाजूनं. विरोध करणाऱ्यांपैकी ६६ टक्के म्हणाले की यंत्राला माणूस मारू देणं म्हणजे नीतीची मर्यादा ओलांडणं आहे, आणि ५४ टक्के म्हणाले की मग जबाबदार कुणालाच धरता येणार नाही. अमेरिका, रशिया, चीन या बड्या शस्त्रधारी देशांतही निम्म्यापेक्षा जास्त लोक विरोधातच होते. सगळ्यात जास्त पाठिंबा कुठे होता? भारतात. ५० टक्के.

हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मान खाली गेली होती. नंतर विचार केला, की हे ५० टक्के कोण? पाहणी झाली इंटरनेटवरून. भारतासारख्या देशात अशा पाहणीत उत्तर देणारा माणूस शहरातला, जास्त शिकलेला, बऱ्या कमाईचा असतो, हे या पाहण्या करणाऱ्या संस्थाच सांगतात. म्हणजे ज्या घरातून पोरगा फौजेत जातो ते घर त्यात जवळजवळ नाहीच. सीमेवरच्या गावातलं घरही नाही. पूंछमध्ये त्या मे महिन्यात तोफगोळ्यांनी साधी माणसं मेली, लहान मुलं मेली. फिरोजपूर जिल्ह्यात ९ मेच्या रात्री ड्रोनमुळे एका घराला आग लागून कुटुंब भाजलं आणि त्यातली बाई पुढे रुग्णालयात वारली. ‘देशाचं मत’ म्हणून जे छापून येतं त्यात या घरांना कुणी विचारलेलं नसतं. आपल्याला हे नवीन नाही. दारूबंदीचं मतदान असो की धरणग्रस्तांचं पुनर्वसन, ज्यांच्या दारात ते घडतं त्यांचं मत शेवटी घेतलं जातं, घेतलं तर.

आणि गावात विचारायला गेलं तरी बाई काय म्हणते? “आमास्नी काय कळतंय त्यातलं, मालकांना इचारा.” दोन गावांत तर पुरुष येऊन दारात उभे राहिले आणि आमच्या वतीनं उत्तरं द्यायला लागले. एका माजी सुभेदारांनी मला पंधरा मिनिटं रडारची माहिती दिली. माहिती चांगली होती, ती मी पुढे वापरणारही आहे, पण बैठक बायकांची होती.

तर दुसऱ्या गावापासून मी प्रश्न बदलला. एकाचे दोन केले. पहिला तोच ठेवला, यंत्र वापरावं का? आणि दुसरा असा की समोर दिसणारा माणूस मारायचा की नाही, हे यंत्रानं ठरवावं का? पहिल्यावर हात वर, गलका, ‘व्हय व्हय’. दुसऱ्यावर शांतता. प्रत्येक गावात ती शांतता मी पाहिली. एखादी विचारायची, “म्हंजी? बटन कोन दाबनार?” मी सांगायची, कुणीच नाही. चेहरे, चालणं, फोन, गाड्या अशा हजारो गोष्टी यंत्राला आधी दाखवलेल्या असतात, त्यावरून ते अंदाज बांधतं की हा शत्रू, आणि मारतं.

तिसऱ्या गावात हे सांगत असताना मागे बसलेल्या एक मावशी बोलल्या. शेतमजुरी करतात, वय साठीच्या आसपास. त्यांच्या हाताच्या रेघा झिजल्यात, रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा उठत नाही. दुकानदार म्हणतो, “मी काय करू, मशीन घेत न्हाई.” दोन महिने त्यांना धान्याविना परत पाठवलं होतं. मावशी म्हणाल्या, “मशीननं मला वळाकलं न्हाई तर माझं तांदूळ जात्यात. तितं वळाकलं न्हाई तर काय जाईल?”

मैत्रिणींनो, मी या विषयावर बरंच वाचलंय. जिनिव्हातल्या चर्चांचे अहवाल वाचलेत. या एका वाक्यात जे आहे ते मला तिथे सापडलं नाही. मशीन ओळखत नाही, दुकानदार म्हणतो मी काय करू, तहसील कचेरीत म्हणतात वरून आलंय. अन्याय झालेला असतो आणि अन्याय करणारा कुणी सापडत नाही. आपल्या बायका हे आधीच भोगून बसल्यात.

चेहरा ओळखणाऱ्या यंत्रांचंही तेच आहे. जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू या दोन संशोधक बायकांनी २०१८मध्ये बड्या कंपन्यांच्या प्रणाली तपासल्या. चेहरा बाईचा की पुरुषाचा, एवढंच ओळखायचं होतं. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के. काळ्यासावळ्या बायकांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. यंत्राला शिकवताना गोऱ्या पुरुषांचे फोटो जास्त दाखवलेले होते, म्हणून. ही त्या वेळची प्रणाली होती, त्यानंतर सुधारणा झाल्या. पण चूक आधी कुणाच्या वाट्याला येते ते दिसलं ना?

आता गाझाचं सांगते, कारण हा विषय कल्पनेतला राहिलेला नाही. एप्रिल २०२४मध्ये ‘+९७२’ या इस्रायली-पॅलेस्टिनी पत्रकारांच्या नियतकालिकानं सहा इस्रायली गुप्तचर अधिकाऱ्यांच्या मुलाखतींवर आधारलेला वृत्तांत छापला. ‘लॅव्हेंडर’ नावाची प्रणाली युद्धाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत ३७,००० पर्यंत माणसांवर संशयित म्हणून खूण करत होती. सुमारे १० टक्के वेळा ती चुकते, हे ठाऊक होतं. माणसानं तपासायचं ते किती? एका नावाला २० सेकंद. आणि तपासायचं काय, तर मुख्यतः हा पुरुष आहे ना, एवढंच. खूण झालेला माणूस घरी पोहोचला की कळवणारी दुसरी प्रणाली होती, तिचं नाव होतं ‘बाबा कुठे आहे?’ घरात गाठणं सोपं असतं. घरात त्याची बायको असते, आई असते, मुलं असतात. इस्रायली सैन्यानं हा वृत्तांत नाकारला. ती केवळ माहितीची जुळवाजुळव करणारी यादी आहे आणि निर्णय माणसंच घेतात, असं त्यांचं म्हणणं आहे. ठीक आहे, तेही नोंदवून ठेवू. पण ‘निर्णय माणूस घेतो’ या शब्दांत २० सेकंदही बसतात, हे लक्षात घ्या. मला तर आपल्या कोर्टातली तारीख आठवली. तिथेही न्यायाधीश निर्णय घेतातच, पण बाईचं म्हणणं ऐकायला कधी कधी तेवढाच वेळ मिळतो.

ही गोष्ट मी गावात सांगितली तेव्हा जी वहिनी आधी चिडली होती तिनं विचारलं, “त्या बायांनी काय केलं हुतं?” आणि मग स्वतःच म्हणाली, “आन् आपल्याकडं बी असलं आसंल तर त्यांच्याकडं बी आसनारच की.” अमक्याचं मशीन म्हणजे आपल्या माणसाचा जीव वाचला, हा हिशेब एका बाजूनंच बरोबर येतो. दुसऱ्या बाजूचं मशीनही आपल्या माणसाला शोधत असतं.

चौथ्या गावात आणखी एक गोष्ट घडली. २००१च्या डिसेंबरात संसदेवर हल्ला झाला आणि त्यानंतर दहा महिने आपलं सैन्य सीमेवर उभं होतं. ‘ऑपरेशन पराक्रम’. युद्ध झालं नाही, पण सीमेवर सुरुंग पेरले गेले आणि ते पेरताना, काढताना आपलेच शेकडो जवान मेले, जखमी झाले. तिथल्या एका काकूंच्या मालकांचा पाय त्यात गेला. काकू म्हणाल्या, “सुरुंग म्हंजी तेच की गं. पुरून ठेवला, ईसरून गेलं. त्यो काय बगतोय व्हय, पाय कुनाचा हाय त्यो?” तज्ज्ञ हेच म्हणतात. स्वतः ठरवून मारणारं पहिलं शस्त्र सुरुंगच, फक्त त्याला बुद्धी नव्हती. आणि सुरुंगांवर बंदी आणणारा आंतरराष्ट्रीय करार १९९७मध्ये झाला तो सरकारांना सुचला म्हणून झाला नाही. जगभरच्या छोट्यामोठ्या संघटनांनी, पाय गमावलेल्यांनी तो रेटला. त्या मोहिमेला आणि तिच्या संघटक जोडी विल्यम्स यांना त्याच वर्षी शांततेचं नोबेल मिळालं. त्याच बाई पुढे २०१३ला सुरू झालेल्या स्वयंचलित मारेकरी यंत्रांविरुद्धच्या मोहिमेतही उतरल्या. भारतानं सुरुंगबंदीच्या करारावर आजवर सही केलेली नाही. काकूंना हे सांगितलं तर त्या एवढंच म्हणाल्या, “कुनी इचारलं हुतं का आमाला?”

आपलं सरकार काय करतंय, ते थोडक्यात. २०१८मध्ये टाटा सन्सचे अध्यक्ष एन. चंद्रशेखरन यांच्या अध्यक्षतेखाली एक कृतिगट नेमला होता, त्याच्या शिफारशींवरून २०१९मध्ये संरक्षण मंत्रालयात या कामासाठी एक परिषद आणि एक यंत्रणा उभी राहिली. जुलै २०२२मध्ये संरक्षणमंत्र्यांच्या हस्ते कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या ७५ उत्पादनांचं उद्घाटन झालं. आपल्या नागपुरात ‘नागास्त्र-१’ तयार होतं, आभाळात घिरट्या घालून लक्ष्यावर जाऊन आदळणारं. सैन्यानं ४८० मागवली, त्यातली पहिली १२० जून २०२४मध्ये दिली गेली. त्यात लक्ष्य माणूसच ठरवतो, आणि नको वाटलं तर हल्ला सोडून ते परतही आणता येतं, हे स्पष्ट सांगायला हवं. सगळ्याच ड्रोनना एका माळेत ओवू नये. मेमधल्या लढाईत ‘आकाशतीर’ या प्रणालीनं येणारी ड्रोन, क्षेपणास्त्रं हेरायला मदत केली. इथे सुभेदारकाकांची माहिती कामाला येते. ते म्हणाले, “अंगावर येणारं क्षेपणास्त्र थांबत नाही, पोरी. तिथं माणूस विचार करत बसला तर छावणी जाते.” मला हे पटलं. रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीनं २०२१मध्ये जी भूमिका मांडली तिच्यातही हा फरक आहे. माणसांना लक्ष्य करणारी स्वयंचलित शस्त्रं आणि ज्यांचा परिणाम आधी सांगता येत नाही अशी शस्त्रं, यांवर बंदी हवी. बाकीच्यांवर मर्यादा हव्यात. आमच्या वहिनीच्या भाषेत, “ड्रोनवर ड्रोन जाऊ दे, मानसावर नगं.”

मग आपल्या देशाची भूमिका काय? २२ डिसेंबर २०२३ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत या शस्त्रांबद्दलचा पहिला ठराव आला. बंदीचा नव्हता हं, सगळ्या देशांची मतं मागवून अहवाल करा, एवढाच होता. १५२ देश बाजूनं. ४ विरोधात. रशिया, बेलारूस, माली आणि भारत. भारताचं म्हणणं असं की जिनिव्हात १९८०च्या शस्त्रकराराखाली ही चर्चा चालूच आहे, तिथेच ती व्हावी, दुसरी चूल कशाला. युक्तिवाद म्हणून त्यात तथ्य असेल; त्या जिनिव्हाच्या चर्चेचं अध्यक्षपद २०१७ आणि २०१८मध्ये भारताकडेच होतं. पण ती चर्चा एकमतानं चालते, एखादा देश अडून बसला की गाडी थांबते. आणि मला याहून जास्त खुपतं ते हे, की आपल्या नावानं ‘नाही’ असं मत पडलं आणि मी, रोज पेपर वाचणारी बाई, ते मला पाच-सहा महिन्यांनी कळलं.

आता आपल्यातलीच एक गोष्ट. गेल्या बैठकीत आपल्या वकील मैत्रिणीनं मला एक प्रश्न विचारला आणि मी दोन रात्री झोपले नाही. ती म्हणाली, “यंत्र बलात्कार करत नाही. आपण मणिपूरच्या बायकांबद्दल बोलतो, २००४मध्ये मनोरमाच्या मृत्यूनंतर कांगला किल्ल्याच्या दारात त्या आयांनी काय केलं ते आपण विसरलेलो नाही. तिथे माणसंच होती ना गणवेशात? विशेषाधिकार कायद्याचं कवच होतंच ना? मग माणूस तिथे असण्याचा तुला एवढा भरवसा का?”

या प्रश्नाला मी अजूनही पूर्ण उत्तर देऊ शकत नाही. नागालँडमध्ये डिसेंबर २०२१ला कामावरून परतणाऱ्या खाणमजुरांना अतिरेकी समजून मारलं ते माणसांनीच, आणि त्या जवानांवर खटला चालवायला केंद्रानं परवानगी नाकारली, हेही खरं. माणूस असला की न्याय होतोच असं अजिबात नाही. पण मनोरमासाठी त्या आया कुणाच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या? एक दार होतं, त्यामागे माणसं होती. बडगामचं उदाहरण घ्या. २७ फेब्रुवारी २०१९ला आपल्याच क्षेपणास्त्रानं आपलंच हेलिकॉप्टर पाडलं. हवाई दलाचे सहा जण आणि खालचा एक नागरिक गेला. त्या सहांतला एक नाशिकच्या घरातला होता. चौकशी झाली, हवाई दलप्रमुखांनी ‘मोठी चूक’ म्हणून ती मान्य केली, अधिकाऱ्यांवर कारवाई सुरू झाली. उशिरा झालं, पुरेसं झालं की नाही ते त्या घरांना विचारायला हवं, पण विचारायला समोर कुणीतरी होतं. उद्या ते यंत्राच्या हिशेबातून घडलं तर कार्यक्रम लिहिणारा म्हणेल मी शिकवलं नव्हतं, अधिकारी म्हणेल मी सांगितलं नव्हतं, कंपनी म्हणेल करारात बसत नाही. रेशन दुकानदार.

शिवाय युद्धातला बलात्कार नेहमीच एखाद्याच्या विकृतीतून होत नाही, तो कित्येकदा वरून ठरवलेला असतो, हे आपण बोस्नियापासून वाचत आलोय. ज्याला बायकांना वेठीला धरायचंय त्याच्या हातात आज्ञाधारक यंत्र दिलं तर ते बायकांच्या बाजूनं कसं होईल? जवान कधी कधी नकार देतो. क्वचित देतो, पण देतो. २६ सप्टेंबर १९८३च्या रात्री सोव्हिएत लष्करातल्या स्टानिस्लाव पेत्रोव्ह या अधिकाऱ्याला संगणक सांगत होता की अमेरिकेनं क्षेपणास्त्रं सोडली. त्याला ते पटलं नाही. इशारा खोटा असल्याचं त्यानं वर कळवलं, आणि तो खोटाच निघाला. वकील मैत्रीण यावर म्हणाली, “एक पेत्रोव्ह सांगू नकोस, हजार ओटिंग आहेत.” ओटिंग म्हणजे नागालँडचं ते गाव. आमचं भांडण इथे थांबलंय, मिटलेलं नाही. ती आज समोर बसली आहे, ती बोलेलच.

२०१८मध्ये गूगलच्या हजारो कर्मचाऱ्यांनी सह्या करून अमेरिकन सैन्याच्या ड्रोनसाठी चाललेलं काम थांबवायला लावलं आणि कंपनीनं शस्त्रांसाठी ही विद्या वापरणार नाही असं तत्त्व जाहीर केलं. फेब्रुवारी २०२५मध्ये ते तत्त्व कंपनीनं काढून टाकलं. हे सांगते अशासाठी, की एकदा मिळवलेलं तसंच राहतं अशा समजुतीत आपण राहू नये. आपल्याला तरी ते वेगळं सांगायला नको.

पाचव्या गावात बायकांनी ठरवलं की खासदारांना पत्र लिहायचं. लिहायला बसलो तर तीन प्रश्न निघाले. मारायचं कुणी ठरवणार? चुकलं तर आम्ही कुणाच्या दारात जायचं? आणि हे सगळं ठरवण्याआधी आम्हाला केव्हा विचारणार? इथपर्यंत एकमत झालं. चौथी ओळ मी सुचवली होती, ‘माणसांना लक्ष्य करणाऱ्या स्वयंचलित शस्त्रांवर भारतानं बंदीची भूमिका घ्यावी.’ जिचा नवरा सीमेवर असतो ती वहिनीही त्या दिवशी मुद्दाम आली होती. तिनं ती ओळ दोनदा वाचली आणि पेन माझ्या हातातून घेऊन खोडली. म्हणाली, “पलीकडच्यानं सोडलं आन् आपुन न्हाई सोडलं तर? त्ये आधी लिवा.” सुरुंगवाल्या काकूंनी तीच ओळ तिच्याखाली पुन्हा लिहायला लावली. वाद झाला, चहा झाला, आणि शेवटी त्या जागी एक रेघ मारून मोकळी जागा सोडली आहे.

भाऊ दिवाळीला आला होता. त्याला पत्र दाखवलं. त्यानं वाचलं, घडी घातली आणि म्हणाला, “अक्का, तिसरा प्रश्न आमचा बी धर.” चौथ्या ओळीबद्दल तो काही बोलला नाही.

पत्राच्या प्रती बाहेर पुस्तकांच्या टेबलावर ठेवल्या आहेत. पहिल्या तीन प्रश्नांवर सह्या घेणं चालू आहे. मोकळ्या जागेवर दुपारच्या सत्रात गट पाडून बसायचं आहे. वहिनी आणि काकू दोघी बाराच्या एस.टी.नं येतायत, त्यामुळे त्यांच्या गैरहजेरीत ती ओळ कुणी भरू नका.